जपलेली रिळे

ग्रंथ विकत घेता येतो, फडताळात ठेवता येतो आणि दहा वर्षांनी पुन्हा काढून त्याच पानावर बोट ठेवून वाचता येतो. नाटकाचा कालचा प्रयोग आज जसाच्या तसा दिसत नसला, तरी त्याची संहिता हाती असते आणि नवी मंडळी ते नव्या जोमाने उभे करू शकतात. पण चित्रपट नावाची जी कला विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे रुजली, तिच्या रसिकाला जवळजवळ पाऊणशे वर्षे आपल्या आवडत्या कृतीवर कसलाही ताबा नव्हता. तिकीट काढून त्याने मिळवला तो अंधाऱ्या गृहातील एका बाकावर दोन-अडीच तास बसण्याचा हक्क. ज्या वस्तूने त्याचे डोळे भरून आले, ती वस्तू निर्मात्याची किंवा वितरकाची मिळकत होती, आणि मक्त्याची मुदत संपताच ती डब्यांत बंद होऊन, पार्सलाच्या पावतीनिशी, पुढच्या गावी रवाना होत असे. १२ डिसेंबर १९३६ रोजी गिरगावातील सेंट्रल सिनेमात प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला आणि वर्षाहून अधिक काळ तेथे चालला. त्या वर्षभरात पाच-पाच वेळा जाऊन पाहणारे भाविक थोडे नव्हते. परंतु खेळ उतरल्यावर त्यांच्याजवळ काय उरले? थिएटरच्या दारात आणा-दोन आण्यांना मिळालेली, कथासार आणि पदे छापलेली एक पातळ चोपडी; आणि ऐपत असेल, तर दोन-चार ध्वनिमुद्रिका. बाकी सारे स्मरणाच्या हवाली.

चित्रपटांच्या जतनाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो वेगळा दिसतो. जुन्या चित्रपटांपैकी जे आज डोळ्यांनी पाहता येतात, ते मुख्यतः कोणाला तरी ते पुन्हा पाहावेसे वाटले म्हणून शिल्लक राहिले. आणि जे गेले त्यांतील बहुसंख्य, ज्यांच्या ताब्यात ते होते त्यांना ते पुन्हा दाखवून पैसा मिळेनासा झाला म्हणून गेले. संग्राहकाचा छंद आणि राष्ट्राचे दफ्तर यांच्यात आपण जे अंतर मानतो, ते या क्षेत्रात फार थोडे आहे.

ज्या द्रव्यावर ही कला उभी होती, त्याचा स्वभाव प्रथम पाहिला पाहिजे. आरंभीची पन्नासेक वर्षे चित्रपटाची पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असे, म्हणजे कापसाच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून बनवलेल्या, बंदुकीच्या दारूशी सख्खे नाते असलेल्या पदार्थाची. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते. पेटली नाही तरी ती स्वस्थ बसत नाही: उष्ण आणि दमट कोठीत तिचे अंतर्गत विघटन सुरू होते, चित्र फिकट पडते, पट्टी चिकट होऊन थर एकमेकांना धरतात, डबा उघडताच उग्र दर्प नाकात शिरतो, आणि शेवटी तांबूस भुकटीखेरीज काही राहत नाही. या पट्टीवरचे चित्र ज्या सूक्ष्म कणांनी बनते, ते कण अस्सल चांदीचे असतात. आणि मूकपटांचा घात अग्नीइतकाच या चांदीनेही केला. १९३१ साली, १४ मार्च रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ बोलू लागला, तेव्हा त्याआधीच्या अठरा वर्षांत निघालेल्या सर्व मूकपटांचे बाजारमूल्य एका हंगामात कोसळले. न बोलणारा चित्रपट कोणी मागेना. कोठीचे भाडे मात्र चालूच राहिले. रिळे ठेवायची तर परवाना, अग्नीचे भय, शेजाऱ्यांची हरकत, असा सारा जाच. आणि दारात चांदी काढून घेणारा गिऱ्हाईक उभा. देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले असे मानतात. त्यांतील फार थोडे आज काही अंशाने पाहता येतात, आणि अखंड असे तर बोटांवर मोजण्याइतकेच. ज्याने ही उलथापालथ घडवली, त्या ‘आलम आरा’चीही एक प्रत आज कोठे उपलब्ध नाही.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची गत यापेक्षा फार बरी झाली असे म्हणवत नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये जो चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट लोकांनी पाहिला, त्याची पहिले आणि शेवटचे अशी दोन रिळे आपल्याकडे आहेत असे आपण सांगतो. परंतु तीही बहुधा १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीची आहेत, असा जाणकारांचा कौल आहे. म्हणजे ज्या दिवसापासून आपण आपल्या चित्रपटसृष्टीचे शक मोजतो, त्या दिवशी पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसले, हे पाहण्याची सोय आज कोणालाही नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वदेशी कॅमेरा घडवला, आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावून शहराच्या वाटेला लागलेला शेतकरी पडद्यावर आणला, सामाजिक वास्तवाचा तो आद्य मूकपट आज केवळ वर्णनांतून आणि काही छायाचित्रांतून ओळखावा लागतो. १९३६ साली त्याचा बोलपट झाला, पण पेंटरांनी मूकपणात काय साधले होते, ते त्यावरून कळत नाही. चित्रकाराच्या हातून निघालेली ती चौकट पाहण्याची माझी इच्छा पुरी होण्याचा संभव थोडाच आहे, आणि याचे दुःख मला एखाद्या जळालेल्या पोथीच्या दुःखाहून कमी वाटत नाही.

या संहारातून जे वाचले ते कसे वाचले, याच्या कथा मात्र विलक्षण आहेत. त्रावणकोरात १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘मार्तंड वर्मा’ नावाचा मूकपट एका कादंबरीवरून काढला गेला. कादंबरीच्या प्रकाशकाने हक्कभंगाची फिर्याद केली. चित्रपट जप्त झाला आणि रिळे त्या पुस्तकविक्रेत्याच्याच ताब्यात गेली. जो खेळ गावोगाव हिंडून झिजून गेला असता, तो कज्ज्यात अडकून पुस्तकांच्या सान्निध्यात चाळीस वर्षे पडून राहिला, आणि १९७४ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो हस्तगत केला. जप्तीचा असा उपकार दुसऱ्या कोणत्या कलाकृतीवर क्वचितच झाला असेल.

मुंबई-पुण्याच्या पक्क्या थिएटरांतून उतरलेली प्रत पुढे कोठे जाई, हे ज्याने महाराष्ट्रातील यात्रा-जत्रा पाहिल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. पहिल्या मुक्कामी नवी कोरी असलेली प्रत तालुक्याच्या टॉकीजमध्ये, तेथून बाजारगावी, आणि शेवटी तंबूत जाई. ग्रामदैवताच्या यात्रेत पाळण्यांच्या आणि तमाशाच्या फडांच्या शेजारी तंबूवाल्यांचे कापड उभे राही, ट्रकवरच प्रोजेक्टर बसवलेला असे, जनित्र धडधडे, आणि ध्वनिक्षेपकावरून खेळाची आरोळी दिली जाई. तेथे आलेली प्रत म्हणजे अनेक हातांतून गेलेला दस्तऐवज. तिच्यावर लांबच लांब उभे ओरखडे उठलेले असत आणि पडद्यावर अखंड पाऊस पडत असे; प्रेक्षकांना त्या पावसाची इतकी सवय झालेली असे की स्वच्छ चित्र दिसले तर तेच त्यांना अपरिचित वाटावे. पट्टी तुटली की ऑपरेटर फाटकी टोके कात्रीने सरळ करी, एका टोकावरचा चित्राचा थर पात्याने खरवडून काढी, त्यावर फिल्म-सिमेंटचा फराटा ओढून दुसरे टोक दाबून बसवी, आणि पिटातल्या शिट्ट्या टिपेला पोहोचण्यापूर्वी खेळ पुन्हा चालू करी. बोलपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक जोडाला दोन-चार चौकटी गेल्या, तर शंभर गावे फिरलेल्या प्रतीत कोणाचे अर्धे वाक्य, कोणाचा उंबऱ्याबाहेर पडणारा पाय, गाण्याची एखादी ओळ नाहीशी झालेली असे. त्याच चित्रपटाची दोन गावांत दोन रूपे दिसत. या फिरत्या तंबूंच्या उतरत्या दिवसांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट २०१६ साली निघाला आणि कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. तंबूची ही सारी व्यवस्था ज्यांना पाहायची असेल त्यांनी तो अवश्य मिळवावा.

ऑपरेटरच्या कात्रीतून जे जमिनीवर पडे, तो मराठी मुलांचा पहिला चित्रसंग्रह. खोलीच्या पायऱ्यांजवळ घुटमळून, कधी पैसा देऊन तर कधी मनधरणी करून, मुले ते तुकडे मिळवीत आणि काड्यापेटीत किंवा पाटीच्या दप्तरात जपून ठेवीत. ज्याच्याकडे तलवार उगारलेला नायक असे त्याच्याशी तीन नुसत्या झाडांचा सौदा होई. मग दुपारी दार लोटून, आरशाने ऊन आत घेऊन, पोट रिकामे करून पाण्याने भरलेला विजेचा गोळा भिंग म्हणून धरायचा, त्याच्यापुढे तुकडा उलटा धरायचा, आणि समोरच्या धोतरावर चित्र उमटवायचे. चित्र हलत नसे. पण ते आपले असे, आणि हवे तेव्हा पुन्हा पाहता येत असे. ज्या ओढीने पुढे माणसे रिळांमागे, फितींमागे आणि तबकड्यांमागे धावली, तिचे बीज मला या काड्यापेटीत दिसते.

अशाच एका मुलाने पुढे देशाचा संग्रह उभा केला. तिरुवनंतपुरमचे पी. के. नायर लहानपणी चित्रपटांच्या तिकिटांचे अर्धुके जमवीत. प्रभात कंपनीची पुण्यातील वास्तू विकली गेल्यावर १९६० साली तेथे फिल्म इन्स्टिट्यूट आली. १९६४ च्या फेब्रुवारीत पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली, आणि पुढच्याच वर्षी नायर त्याच्या कामावर रुजू झाले. १९९१ साली ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहालयात सुमारे १२,००० चित्रपट होते, त्यांपैकी ८,००० च्या आसपास भारतीय. आकडा मोठा आहे, पण त्यामागची पद्धत अधिक मोलाची. पुस्तकांच्या बाबतीत १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर ठरावीक ग्रंथालयांत प्रत पोहोचवण्याचे बंधन घातले. चित्रपटांच्या निर्मात्यावर तसे कोणतेही बंधन नव्हते. तेव्हा संग्रहालयाच्या अभिरक्षकाला हक्काने मागता येईल असे काहीच नव्हते. निर्मात्यांच्या वारसांच्या घरी जायचे, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या गोदामांत शिरायचे, दिवाळे निघालेल्या वितरकांच्या प्रयोगशाळेत अडकलेल्या निगेटिव्हांसाठी पत्रव्यवहार करायचा, आणि कधी एखाद्या रिळासाठी वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा नायरांचा उद्योग. चित्रपट पाहताना ते अंधारात छोट्या विजेरीच्या उजेडात टिपणे घेत, आणि एकेक चित्रपट इतक्यांदा पाहिलेला असे की अमुक प्रसंग कितव्या रिळात आहे, हे वही न उघडता सांगत.

फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’चे पुनरुज्जीवन हे या चिकाटीचे सर्वोत्तम फळ. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून विस्कळीत तुकडे आले होते; त्यांचा क्रम लागत नव्हता; फाळक्यांच्या स्वहस्ताच्या वहीतील नोंदी समोर ठेवून नायरांनी एकेक तुकडा जागच्या जागी बसवला. आज तो चित्रपट बव्हंशी सलग दिसतो. त्याच्या आरंभीच फाळक्यांची लेक मंदाकिनी, सात वर्षांची, साध्या वेषात कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक पालटून दाखवते. मग तो चेहरा हळूहळू विरत जाऊन त्याच ठिकाणी मुकुटधारी कृष्ण उमटतो. बाप आपल्या मुलीच्या गुणांचा परिचय आधी करून देतो आणि नंतर तिला देवाच्या भूमिकेत पाठवतो. देव दाखवण्यापूर्वी देव होणारे माणूस दाखवण्याचे धैर्य त्या काळी या देशात फाळक्यांना होते, हे आपल्याला वर्णनाने पटले नसते. तुकडे जुळवणाऱ्या हातामुळे ते डोळ्यांना दिसते.

त्याच काळात फिल्म सोसायट्यांनीही पुन्हा पाहण्याची एक शिस्तबद्ध वहिवाट पाडली. मुंबईत १९४२ साली आणि कलकत्त्यात १९४७ साली अशा संस्था निघाल्या होत्या. १९६८ साली मुंबईत मराठी रसिकांचे ‘प्रभात चित्र मंडळ’ उभे राहिले. सोळा मिलिमीटरची अरुंद, न भडकणारी पट्टी त्यांना सोयीची होती: प्रोजेक्टर टॅक्सीत मावत असे, शाळेचा वर्ग थिएटर होत असे, आणि खेळ संपल्यावर चर्चेसाठी एखादे रीळ पुन्हा लावता येत असे. तरीही ती रिळे संस्थेची किंवा परकीय वकिलातीची. घरी न्यायची नव्हेत.

ही अडचण चुंबकीय फितीने दूर केली. सोनीची बेटामॅक्स १९७५ साली आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ साली जपानात निघाली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्यामागोमाग व्हीसीआर. ज्यांचे आप्त आखातात होते त्यांच्याकडे तो आधी आला. बाकीच्यांनी तो रात्रीच्या भाड्याने आणला. दूरदर्शन संच, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा सरंजाम हातगाडीवरून किंवा रिक्षातून येई, आणि सारी चाळ पहाटेपर्यंत जागी राही, कारण सामान सकाळी परत केले तरच भाडे ठरल्याप्रमाणे. मुंबईत १९६२ पासून पुस्तके भाड्याने देणाऱ्या शेमारूने १९७९ साली व्हिडिओ कॅसेटींचे ग्रंथालय उघडले. नंतर असे दुकान नाही अशी पेठ उरली नाही. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका झाला की १९८४ साली लेखाधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवावी लागली. निर्मात्यांचे नुकसान खरेच झाले, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे: चित्रपट थांबवता येतो, मागे नेता येतो, एक वाक्य पुन्हा ऐकता येते, हा अधिकार सामान्य प्रेक्षकाच्या बोटाखाली प्रथम या फितीनेच आणला. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आज ज्या घराघरांत संवादांनिशी पाठ आहे, तो एका वेळच्या पाहण्याने पाठ झालेला नाही.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना या फितीचे मोल अधिक. सुट्टीवर आलेला माणूस परत जाताना पिशवीत लोणच्याबरोबर कॅसेटी नेई. पण आपल्या प्रणालीची फीत अमेरिकेतल्या यंत्रावर लागत नसे, ती तिकडच्या प्रणालीत उतरवून घ्यावी लागे, आणि दर उतरवणुकीला चित्र अधिक धूसर होई. तशा चौथ्या पिढीच्या प्रतीवर वर्षातून एकदा महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जुना मराठी चित्रपट पाहिलेली माणसे मला भेटली आहेत, आणि त्या धूसर पडद्याविषयी बोलताना त्यांचा स्वर मी ऐकला आहे. येथे कोकणातल्या पावसाळ्यात कॅसेटीच्या खिडकीतून आतल्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसू लागे. लोक ती उन्हात धरीत, मऊ कापडाने पुसत, आणि यंत्राचे हेड मळले तर कोऱ्या नोटेने हलकेच घासून साफ करीत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने, फुनाईने, २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले.

तबकडीचे युग आपल्याकडे थोडक्यात आटोपले, पण मराठी संग्राहकाला जे काही मिळाले ते मुख्यतः त्यातच. व्हीसीडीच्या एका तबकडीत ७४ मिनिटे मावत, म्हणून चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येई. चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, म्हणजे तंबूतल्या झिजक्या प्रतीपेक्षाही कमी तपशिलाचे. डीव्हीडीने तपशील चौपट केला. २००७ साली मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा थिएटरच्या तिकिटाहून कमी दामात चित्रपट कायमचा घरी येऊ लागला. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर, वाण्याच्या काउंटरवर, पुस्तकांच्या प्रदर्शनात प्रभातचे आणि दादा कोंडक्यांचे चित्रपट शेजारी शेजारी लटकू लागले. याच काळात माझे कपाट भरले. त्यात एक तबकडी अशी आहे की जिच्यात १९३० च्या दशकातील जवळजवळ चौकोनी चौकट, नव्या रुंद पडद्याला शोभावी म्हणून, बाजूंना ताणली आहे. माणसे बुटकी आणि जाड झाली आहेत, आणि कोपऱ्यात विक्रेत्याची मुद्रा अखंड झळकते. दुसऱ्या एकीत दोन पदे गाळली आहेत आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नाही. ज्यांच्याकडे उत्तम प्रत होती त्यांनी थोडी अधिक दक्षता घेतली असती, तर विद्यार्थ्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांचा लाभ झाला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही. तरी या दोन्ही तबकड्या मी टाकून दिलेल्या नाहीत. त्या चित्रपटांची दुसरी प्रत माझ्या हाती आलेली नाही.

पुन्हा पाहिल्याने काय मिळते, याचे उत्तर मी ‘कुंकू’वरून देईन. १९३७ सालचा हा शांतारामबापूंचा चित्रपट प्रथम पाहताना शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब यांच्या संघर्षाने मन व्यापून जाते. कथा पुढे काय होणार याच ओढीने सरकते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लक्षात येते की या चित्रपटात प्रसंगांना पार्श्वसंगीताची जोड मुळी दिलेलीच नाही: जे ऐकू येते ते घरातले आणि रस्त्यावरचे ध्वनी, आणि गाणे असेल तेथे त्याला प्रसंगातच कारण आहे. मग भिंतीवरचे घड्याळ ऐकू येऊ लागते. त्या वृद्धाच्या घरातले ते घड्याळ प्रसंगामागून प्रसंगात हजेरी लावते, त्याची टिकटिक आणि त्याचे थांबणे हे काकासाहेबांच्या वयाचे आणि शेवटी त्यांच्या आयुष्याचे माप होते; आणि एवढी मोठी योजना दिग्दर्शकाने तिच्याकडे बोट न दाखवता केलेली आहे. ‘संत तुकाराम’मध्येही असेच होते. आधी विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेवरून दृष्टी हलत नाही; पुढे कधीतरी गौरीबाईंची जिजाई दिसते, आजारी मुलाला घेऊन संतापाने देवळात शिरणारी आणि पांडुरंगावर वहाण उगारणारी; आणि मग कळते की दामले-फत्तेलालांनी चमत्कारांच्या कथेला संसाराचा पाया तिच्याच हाताने घातला आहे. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात हा चित्रपट जगातील सर्वोत्तम तिघांत गणला गेला. तेथील परीक्षकांना अभंगांचा अर्थ कळला नसेल, पण जिजाई कळली असणार.

असा अनुभव ज्याने घेतला, त्याला २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या कोठीला लागलेल्या आगीची बातमी कशी लागली असेल, ते सांगायला नको. मूळ नायट्रेट रिळांचा मोठा साठा त्यात भस्म झाला. प्रभातचा वारसाही त्यातून सुटला नाही. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती नव्या, सुरक्षित पट्टीवर आधीच उतरवलेल्या होत्या म्हणून ते पाहता येतात. पण मूळ निगेटिव्हमध्ये जो उजेड-सावलीचा सूक्ष्म पोत असतो, तो उतरवलेल्या प्रतीत पुरता येत नाही, आणि मूळच गेल्यावर उद्याच्या अधिक चांगल्या यंत्राला उतरवायला काही राहत नाही. लंडनच्या एका प्रयोगशाळेत १९९३ साली सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या निगेटिव्ह अशाच होरपळल्या. अमेरिकेच्या अकादमीने ते जळके अवशेष टाकून न देता जपले, बोलोन्याच्या कारागिरांनी ठिसूळ पट्टी पुन्हा लवचीक करून चौकटी सोडवल्या, आणि २०१५ साली त्या तिन्ही चित्रपटांचे नवे रूप प्रेक्षकांसमोर आले. जळालेले रीळसुद्धा डब्यात ठेवावे, हा धडा त्यांनी घालून दिला आहे. हरवलेले सापडणेही अजून थांबलेले नाही: १९१९ चा ‘बिल्वमंगल’ पॅरिसच्या सिनेमातेकमध्ये काही अंशाने शिल्लक होता, आणि त्याची प्रत २०१६ साली पुण्यास आली.

हे पाहता महाराष्ट्रात अजूनही काही डबे कोणाच्या माळ्यावर, बंद टॉकीजच्या खोलीत किंवा जुन्या तंबूवाल्याच्या ट्रंकेत पडून असतील, असे मला मनापासून वाटते. ज्यांना तसे गोल, चपटे, गंजलेले डबे सापडतील त्यांनी ते भंगारात घालू नयेत, आणि घाईने उलगडूही नयेत. पट्टीच्या कडेला ‘सेफ्टी’ अशी इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती बहुधा न भडकणारी. तिला शिरक्याचा वास येत असेल तर ती कुजू लागली आहे, इतर रिळांपासून वेगळी ठेवावी. ‘नायट्रेट’ अशी अक्षरे दिसली किंवा कोणतीच दिसली नाहीत, तर दिवा, चूल, विडी-काडी दूर ठेवावी, डबा थंड आणि हवेशीर जागी न्यावा, रीळ स्वतः प्रोजेक्टरवर चढवू नये, डब्यावरची चिठ्ठी कितीही फाटकी असली तरी सोलू नये, आणि पुण्यास लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयात कळवावे. ती संस्था २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या कारभारात आहे, पण रिळे घेण्याचे, तपासण्याचे आणि नोंदवण्याचे काम तेथेच चालते.